कंपासपेटीत मावणारं ऑइल लँडस्केप : या चुका टाळा

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात बुटांचं एक रिकामं खोकं आहे आणि त्यात फसलेली चित्रं आहेत. सगळी २ बाय ३ इंचांची, म्हणजे पत्त्याच्या पानापेक्षाही लहान. सगळी तैलरंगातली आणि सगळी बाहेर, जागेवर बसून केलेली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलने तारीख, वेळ, जागा आणि काय बिघडलं ते एका ओळीत लिहिलंय. ही सवय उसनी आहे. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे छोटे छोटे ऑइल स्टडी केले, तेव्हा त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या पाठीवर त्याने तारीख, वेळ आणि वारा कसा होता ते लिहून ठेवलं. त्याने हवा लिहिली, मी चुका लिहिते. परवा खोकं उपसलं तेव्हा कळलं की दरवेळी नवी चूक करण्याइतकी कल्पकता आपल्यात नाही. त्याच पाच-सहा चुका आलटून पालटून येतात.

आधी पेटीबद्दल. शाळेतली पत्र्याची कंपासपेटी, आतला प्लॅस्टिकचा ट्रे काढून टाकलेला. झाकण उघडं ठेवलं की तेच इझल. त्याच्या आतल्या बाजूला चिकटमातीच्या दोन गोळ्यांनी बोर्ड चिकटवायचा. तळाचा पत्रा म्हणजे पॅलेट. मागच्या कडेला वाटाण्याएवढे सहा रंग: टायटॅनियम व्हाइट, लेमन येलो, येलो ऑकर, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. दांडा कापून बुटके केलेले दोन चपटे ब्रश आणि जुन्या सुती साडीचा फडका. बस्स. परदेशात अशा पेटीला पोशाड बॉक्स म्हणतात आणि ती बऱ्यापैकी महाग मिळते. पहिल्या वर्षी तरी ती घेऊ नका.

अख्खा डोंगर घरी न्यायचा नाही

खोक्यातली निम्मी चित्रं या एकाच कारणाने फसलीत. खडकवासल्याच्या चौपाटीवर बसायचं, समोर पाणी, पलीकडचा काठ, मागे डोंगरांची रांग, त्यावर सिंहगड आणि गडावरचा टीव्हीचा मनोरा. हे सगळं दिसतं म्हणून सगळं घ्यायचं. मग तीन इंचांत गड नखाएवढा, मनोरा केसाएवढा आणि पाणी म्हणजे नुसती एक करडी पट्टी. पाठीवर लिहिलंय: “भूगोलाचा नकाशा.”

इथे थोडं गणित करू. तीन इंची बोर्ड हात लांब करून, डोळ्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर धरला तर तो एक किलोमीटरवरच्या दृश्याची जेमतेम सव्वाशे मीटर रुंदी झाकतो. चौपाटीवरून गड सरळ रेषेत आठेक किलोमीटर आहे, म्हणजे तिथली एक किलोमीटर रुंदी. बोर्डाच्या वाट्याला येणारं जग एवढंच. त्याच्या पाच-सहा पट कोंबायला गेलं की डोळ्याला दिसतं त्यापेक्षा सगळंच लहान काढावं लागतं, आणि ब्रश तर तेवढा लहान होत नाही.

उपाय फुकटातला आहे. जुनी लग्नपत्रिका घ्या, तिच्यात बरोबर २ बाय ३ इंचांची खिडकी कापा आणि हात लांब करून तिच्यातून बघा. खिडकीत जे दिसेल ते त्याच मापाने बोर्डावर उतरवायचं. लहान-मोठं करण्याची भानगडच नाही. खिडकी इकडे तिकडे फिरवत राहा आणि तीन-चार मोठे आकार वेगळे दिसतील तिथे थांबा. खडकवासल्याला असं करून बघितलं तेव्हा गड खिडकीबाहेर गेला. उरला तो कणसाच्या गाडीचा कोपरा, निळी ताडपत्री आणि मागे पाण्याचा उजेड. शेजारी उभा असलेला एक मुलगा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “काकू, गड कुठाय?” गड नव्हताच. पण ते चित्र बुटांच्या खोक्यात नाही, भिंतीवर आहे.

लहान चित्र म्हणून लहान ब्रश

हे ऐकायला बरोबर वाटतं आणि तिथेच आपण फसतो. तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक ब्रश हातात आला की माणूस पानं मोजायला लागतो. वीस मिनिटं एका पिंपळावर जातात आणि तेवढ्यात ऊन दुसरीकडे गेलेलं असतं. शिवाय एवढ्याशा ब्रशला रंग उचलवत नाही. तैलरंगाची मजा त्याच्या साईसारख्या जाडीत आहे, आणि हा ब्रश तो रंग नुसता चोळतो.

चार किंवा सहा नंबरचा चपटा ब्रश घ्या. त्याची धार टेकवली की रेघ, कोपरा टेकवला की ठिपका, अंग टेकवलं की भिंत. त्या ताडपत्रीचंच सांगते. अल्ट्रामरीन आणि पांढरा अगदी अर्धवट कालवले, म्हणजे ब्रशवर दोन्ही रंगांच्या रेघा वेगळ्या दिसत होत्या. ब्रश भरून घेतला, डावीकडून उजवीकडे एकच फटकारा मारला आणि उचलला. फटकाऱ्याच्या सुरुवातीला रंग जाड पडला ती ताडपत्रीची उन्हातली घडी; शेवटी ब्रश कोरडा होत गेला ती फाटकी किनार. पुन्हा हात लावला असता तर दोन्ही गेली असती. हात मागे घेणं फार जड जातं, अजूनही जातं.

दांडा कापण्याचा एक तोटा मात्र आहे. ब्रश बुटका झाला की नाक बोर्डाला टेकतं. म्हणून दर पाच मिनिटांनी पेटी कठड्यावर ठेवा, दहा पावलं मागे जा आणि डोळे बारीक करून बघा. दहा पावलांवरून काय आहे ते कळत नसेल तर जवळ जाऊन कितीही नक्षी काढली तरी कळणार नाही.

उन्हात बसून रंगवलेली अमावास्या

हा दोष सगळ्यात फसवा, कारण तो जागेवर दिसतच नाही. पर्वतीच्या पायऱ्या मी एकदा भर उन्हात रंगवल्या. तिथे चित्र झकास दिसत होतं. घरी येऊन ट्यूबलाइटखाली धरलं तर पायऱ्यांवर अमावास्या.

कारण सोपं आहे. बोर्डावर आणि पॅलेटवर थेट ऊन पडलं की प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा खूप उजळ दिसतो, डोळ्याची बाहुलीही आकसलेली असते. मग आपण नकळत सगळं एक-दोन पायऱ्या गडद कालवतो. घरात तेवढा उजेड नसतो, तेव्हा तो गडदपणा उघडा पडतो. उलटंही होतं: दाट झाडाखाली बसलात तर सगळं फिकट कालवलं जातं. पेटी छोटी असण्याचा फायदा इथे घ्या. बोर्ड आणि पॅलेट दोन्ही एकाच सावलीत हवेत, आणि कंपासपेटीला तेवढी सावली आपली स्वतःची पाठही देते. उन्हाकडे पाठ करा, पेटी मांडीवर घ्या.

छत्री नेणार असाल तर काळी न्या. रंगीबेरंगी छत्रीतून गाळून आलेला उजेड बोर्डावर पडतो, आणि लाल छत्रीखाली कालवलेला हिरवा घरी आल्यावर भलताच निघतो. कपड्यांचंही तेच. पांढऱ्या कुर्त्याची चमक ओल्या रंगावर पडते आणि आपण त्या चमकेशी भांडत बसतो. मळखाऊ रंगाचं काहीतरी घाला; तसंही घरी जाईपर्यंत ते मळणारच आहे. गॉगल लावून रंगवायला बसणाऱ्यांना काय म्हणावं?

याच्याच जोडीने येणारी चूक म्हणजे कोरा पांढरा बोर्ड. पांढऱ्यावर पहिला कुठलाही रंग काळाकुट्ट वाटतो, म्हणून आपण घाबरून फिकट लावतो आणि पुढची सगळी गणितं चुकतात. घरीच बोर्डाला ऑकर किंवा बर्न्ट सिएनासारख्या अॅक्रिलिक रंगाचा पातळ हात देऊन ठेवा. मध्यम छटेवर उजळ काय आणि गडद काय ते लगेच कळतं. शिवाय फटकाऱ्यांच्या मधून तो तांबूस रंग डोकावत राहतो. आपल्याकडच्या मातीला ते शोभतंही.

उन्हाची आणखी एक खोड. सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी पाचनंतर सावल्या लांब आणि सुंदर असतात, पण त्या पळतातही तेवढ्याच वेगाने. अर्ध्या तासात घाटाच्या पायऱ्यांवरची सावली खालच्या पायरीवर गेलेली असते. म्हणून पहिल्या तीन मिनिटांत फक्त सावल्यांचे आकार टाका आणि मग त्या हलल्या तरी हलवू नका. नवशिक्यांनी खरं तर ढगाळ दिवस निवडावा. श्रावणातल्या मळभात उजेड दोन-दोन तास तसाच राहतो.

चिखल

ओल्यावर ओला रंग लावायचा म्हणजे चिखल होणारच, असं समजणारे पुष्कळ. होतो तो तीन कारणांनी. फडक्याला ब्रश न पुसता पुढचा रंग उचलला, एकाच जागी तीनपेक्षा जास्त वेळा ब्रश फिरवला, किंवा खालचा थर जाड आणि वरचा पातळ झाला. क्रम उलटा हवा: आधी गडद आणि पातळ, जवळजवळ घासून लावलेला, मग मधल्या छटा, उजळ आणि जाड रंग सगळ्यात शेवटी, पोळीवर लोणी ठेवतात तसा, न दाबता. एक ब्रश गडदासाठी आणि एक उजेडासाठी ठेवला की निम्मा चिखल आपोआप टळतो.

झालाच चिखल, तर वर रंग थापू नका. जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा पेटीत ठेवा आणि त्याने तेवढा भाग खरवडून काढा. सगळंच बिघडलं असेल तर वर्तमानपत्राचा तुकडा चित्रावर ठेवायचा, तळव्याने दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. वरचा जादा रंग कागदावर येतो, खाली एक धूसर, सौम्य चित्र उरतं. लंडनच्या स्लेड कलाशाळेतले प्राध्यापक हेन्री टाँक्स यांच्या नावावरून याला इंग्रजीत टाँकिंग म्हणतात. कधीकधी ते धूसर चित्र मूळ चित्रापेक्षा बरं निघतं, हे जरा मनाला लागतं.

पांढऱ्याचा चिखल वेगळा. तो चिखल नव्हे, खडू. प्रत्येक गोष्ट उजळ करायला पांढरा घातला की सगळं चित्र खडूच्या भुकटीत लोळवल्यासारखं दिसतं. उन्हातलं गवत उजळ हवं असेल तर आधी लेमन येलो घालून बघा, माती उजळ हवी असेल तर ऑकर. पांढरा अगदी शेवटी, चिमूटभर.

ट्यूबमधला हिरवा

पावसाळ्यातला सह्याद्री बघून माणूस दुकानात जातो आणि हिरव्या रंगाच्या तीन ट्यूबा आणतो. त्यातला थॅलो ग्रीन एवढा जहाल असतो की कंपासपेटीत एकदा सांडला की आकाशसुद्धा हिरवं होतं. ट्यूबमधला हिरवा तसाच लावलेलं कुठलंही चित्र प्लॅस्टिकच्या तुळशीसारखं दिसतं.

हिरवा कालवायचा. लेमन येलो आणि अल्ट्रामरीन मिळून जो हिरवा होतो तो मुळातच थोडा मवाळ. त्यात बर्न्ट सिएनाचा कण टाकला की आंब्याच्या झाडाखालचा हिरवा. ऑकर आणि अल्ट्रामरीनचा हिरवा बाभळीचा, धुळकट. ऑगस्टमधली भातखाचरं मात्र खरोखरच डोळ्यात खुपण्याइतकी पिवळी-हिरवी असतात. तिथे लेमन येलो सढळ हाताने घ्या, पण शेजारी क्रिमसनच्या अंगाने जाणारा एखादा करडा ठेवा, नाहीतर सगळं चित्र ओरडायला लागतं. लांबचे डोंगर हिरवे नसतातच. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरून कृष्णेपलीकडे बघा. झाडं असलेला डोंगरही निळसर-जांभळा दिसतो, कारण मधली हवा त्याच्यावर पसरलेली असते. डोकं म्हणतं “झाडी”, डोळा म्हणतो “निळा”. डोळ्याचं ऐका. आणि काळ्याची ट्यूब नकोच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समसमान घेतले की हवा तेवढा काळा मिळतो, आणि तो मेलेला नसतो.

बोर्ड तेल पितो, बोर्ड घसरतो

नुसत्या पुठ्ठ्यावर किंवा ड्रॉइंग पेपरवर तैलरंग लावला की रंगाभोवती तेलकट वलय येतं, भज्यांखालच्या पेपरसारखं. रंगातलं तेल कागद शोषतो, रंग कोरडा आणि निस्तेज होतो, पुढे कागदही ठिसूळ होतो. अॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या अस्तराचे दोन पातळ हात द्या, मधे वाळू द्या. कागदाला लाखेचं पातळ पॉलिशही चालतं. याउलट बोर्ड काचेसारखा गुळगुळीत झाला तर ब्रश घसरतो आणि आधीचा रंग उचलून आणतो. बारीक पॉलिश पेपरचा एक हात पुरतो. तीन मिलिमीटरचा एमडीएफ स्वस्त आणि मस्त, पण पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. जेसो कडांना आणि पाठीलाही लावा.

टर्पेंटाइन, फडके आणि एक गंभीर सूचना

खिशातल्या पेटीत टर्पेंटाइनची बाटली नकोच. गळते, वास मारते, आणि उन्हाळ्यात तर धोकाच. साधारण ३५ अंश सेल्सियसला तिची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. एप्रिलमध्ये स्कूटीच्या डिकीत त्याहून जास्त तापतं. विमानात तर ती कुठल्याच बॅगेत चालत नाही. एवढ्याशा चित्राला टर्पेंटाइन लागतही नाही: ब्रश फडक्याला पुसा, फारच झालं तर करडईच्या तेलाच्या दोन थेंबांत बुडवून पुसा आणि घरी येऊन भांड्याच्या साबणाने धुवा. करडईचं तेल ब्रश पुसायला. रंगात घालायला नव्हे.

आता गंभीर. तैलरंगातलं तेल बहुतेक वेळा जवसाचं असतं, आपण चटणी करतो त्याच जवसाचं. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्या क्रियेत उष्णता तयार होते. तेलकट फडका चुरगळून कचऱ्याच्या डब्यात कोंबला तर ती उष्णता आतच साठते आणि फडका आपोआप पेटू शकतो. ही ऐकीव भीती नाही. फडके दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. आणि कॅडमियमचे रंग वापरत असाल तर हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

ओलं चित्र घरी कसं न्यायचं

पेटीच्या झाकणात तसंच ठेवून बंद केलं तर पॅलेटचे सहा रंग चित्रावर उमटतात. मी हे दोनदा केलंय. दोन बोर्ड समोरासमोर तोंड करून धरा, चारही कोपऱ्यांत आगकाडीचे तुकडे ठेवा, वरून रबरबँड. कोपऱ्यात चार बारीक डाग पडतात, ते घरी बोटाने मिटवता येतात.

धूळ किंवा चिलटं चिकटली तर ओल्यात पुसू नका. रंग वाळू द्या, मग कोरड्या ब्रशने झटका. बहुतेक निघून जातात. मुंगी मात्र कधीकधी राहते. माझ्या एका चित्रात मेणवलीच्या घंटेखाली एक मुंगी आहे, आणि लोक तिला पुजारी समजतात.

घरी आल्यानंतरच्या चुका

पावसाळ्यात पातळ थरही आठवडाभर ओला राहतो. पांढरा आणि क्रिमसन उशिरा वाळतात, बर्न्ट सिएनासारखे मातीचे रंग लवकर. हेअर ड्रायर मारू नका. वर साय येते, खाली कच्चं राहतं आणि पुढे सुरकुत्या पडतात. चित्रं बंद ड्रॉवरमध्येही वाळवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, आणि दमट कप्प्यात वर बुरशी येते. पिवळं पडलंच तर घाबरू नका. खिडकीजवळ, थेट उन्हात नव्हे पण भरपूर उजेडात काही आठवडे ठेवा, पिवळेपणा बराचसा जातो. व्हार्निश सहा महिन्यांच्या आत नको.

पेटीतला उरलेला रंग वाया घालवू नका. घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवला तर बरेच दिवस ओला राहतो, पण आमच्याकडे मटारच्या पिशवीशेजारी कंपासपेटी सापडल्यावर त्यावर कायमची बंदी आली. मग लवंगेच्या तेलाचे दोन थेंब कापसावर टाकून कापूस पेटीत ठेवायला लागले. त्याने वाळणं लांबतं. रंगात मात्र थेट घालू नका, थर कमजोर होतो. पहिल्या दिवशी पेटी उघडली तेव्हा सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, “दाढ कुणाची दुखतेय गं?”

कालच्या चित्राच्या पाठीवर लिहिलंय: “मेणवली, सायं. ५.४०, मळभ, वारा नाही. हिरवा परत जास्त. पाणी बरं.” अजून ओलं आहे, म्हणून कुठल्या खोक्यात जाणार ते ठरलेलं नाही.